दम धरणारं भात



आज बोलायचं आहे पुरात बुडालेल्या पिकाबद्दल. पण आधी आमची एक चूक सांगतो, कारण हा सगळा विषय आम्ही त्या चुकीमुळेच शिकलो.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो ना? पंचगंगा आणि कृष्णा पात्र सोडून घराघरात शिरल्या होत्या. आमचं गाव पंचगंगेच्या काठचं. जनावरं सोडून, लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन आम्ही उंचावरच्या शाळेत जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा घरात गाळ आणि शिवारात सगळा मातकट रंग. ऊस आडवा, सोयाबीन काळं, भाताच्या वाफ्यात नुसता राडा.

आमच्या गटातल्या एका ताईंचं वीस गुंठे भात होतं, नदीपासून जरा वरच्या अंगाला. ते चार-पाच दिवस पुरतं पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं त्या दिवशी पानं हिरवट दिसत होती. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि सगळी पानं सुकून लोळली. ताई म्हणाल्या, "गेलं भात. नांगर घालून वैरणीचा मका टाकते, म्हशीला तरी होईल." आम्ही बैठक घेतली, दहा मिनिटांत आठ हजारांचं कर्ज मंजूर केलं आणि चौथ्या दिवशी शेतात ट्रॅक्टर फिरला. तेव्हा वाटलं, संकटात आपला गट कसा धावून आला!

बांधापलीकडं एका आजींचं भात होतं. तेच वाण, त्याच आठवड्यातली लावण, तेवढेच दिवस बुडालेलं. आजी रोज शेतात जायच्या, एक-दोन रोपं उपटून बघायच्या आणि घरच्यांना सांगायच्या, "बुडखा घट्ट आहे. दम धरा." आठवड्याभरानं त्या सुकलेल्या पानांच्या मधून हिरवी सुई वर आली. दिवाळीला आजींच्या घरी भात आलं. एरवीच्या निम्म्याहून थोडंच जास्त, पण आलं. ताईंचा मका मात्र मागच्या पावसात पिवळा पडून गेला. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. कर्जाचा शेवटचा हप्ता ताईंनी पुढच्या वर्षी फेडला.

ताईंनी आम्हाला कधी बोल लावला नाही. पण आमच्या मनातून ते गेलं नाही. आजींना जे दिसलं ते आम्हाला का दिसलं नाही? आम्ही बी.ए. झालेलो, विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. मग कृषी सहायकांना विचारलं, प्रशिक्षणाला बसलो, पुस्तकं वाचली. जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

पाणी मारत नाही, गुदमरणं मारतं

आपल्याला वाटतं श्वास घ्यायचा तो माणसांनी आणि जनावरांनी. पण झाडाची मुळंसुद्धा श्वास घेतात. पानं उन्हात साखर तयार करतात, ती साखर खाली मुळांकडं जाते आणि मुळं ती जाळून ताकद मिळवतात. चूल पेटायला जशी हवा लागते, तसा साखर जाळायला प्राणवायू लागतो. मुळं हा प्राणवायू मातीतल्या बारीक पोकळ्यांतून घेतात.

आपल्या बायाबापड्यांना हे शास्त्र शाळेत न जाता माहीत आहे. आपण विचारतो ना, "वाफसा आला का?" वाफसा म्हणजे काय? माती मुठीत दाबली तर गोळा होतो, टाकली तर फुटतो. म्हणजे तिच्यात ओलही आहे आणि हवाही आहे. वाफशावर पेरलेलं जोमानं उगवतं, कारण मुळाला पाणी आणि श्वास दोन्ही मिळतं.

पूर आला की वाफसा मोडतो. मातीतली हवा बुडबुडे होऊन वर निघून जाते आणि तिची जागा पाणी घेतं. तुम्ही म्हणाल, पाण्यातही प्राणवायू असतोच की, मासे जगतात. असतो, पण किती? एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, म्हणजे पेलाभर. आपल्या पावसाळ्यातल्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ६ मिलिलिटर असतो, म्हणजे चमचाभर. शिवाय साचलेल्या पाण्यातून तो पुढं सरकतो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू. जो चमचाभर आहे त्यावरही मातीतले जंतू तुटून पडतात. एक-दोन दिवसांत बुडालेल्या मातीतला प्राणवायू संपतो.

मग जंतू दुसरीकडं वळतात. आपण घातलेल्या युरियाचं मातीत जे नायट्रेट झालेलं असतं, त्यातला प्राणवायू ते वापरतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. म्हणून पुरानंतर पीक पिवळं दिसतं. त्यानंतर जंतू मातीतल्या लोहाकडं वळतात. पाणी फारच दिवस राहिलं तर गंधकाकडं जातात आणि चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा वास ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

पाण्यात उभं, तरी तहानलेलं

पुरात एक विचित्र गोष्ट दिसते. गुडघाभर पाण्यात मिरची, वांगं, टोमॅटो उभे असतात आणि पानं मात्र उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यासारखी मान टाकतात. पाण्यात उभं असून झाड तहानलेलं. कारण पाणी आत घ्यायच्या मुळांतल्या वाटा ताकद संपली की बंद होतात. दारात आड आहे, पण दोर ओढायला हातात बळ नाही, अशी गत.

ताकद किती कमी होते, ते गटाच्या हिशेबात सांगतो. प्राणवायू असताना साखरेच्या एका कणापासून झाडाला समजा ३० रुपये मिळतात. प्राणवायू नसताना त्याच कणापासून मिळतात फक्त २ रुपये. उसाचा रस उघडा राहिला की आंबतो आणि दारूसारखा वास येतो ना, तसंच काम गुदमरलेल्या मुळाच्या आत चालतं. साखर जळत नाही, आंबते. त्यातून मिळकत थोडी आणि वर दारूसारखा टाकाऊ पदार्थ तयार होतो.

घरखर्च तोच आणि मिळकत पंधराव्या हिश्शावर आली, तर आपण काय करतो? शिल्लक मोडतो. झाडही तेच करतं. खोडात आणि बुडख्यात साठवलेली साखर मोडून खातं. शिल्लक संपली की झाड संपलं.

म्हणून नुसतं "पीक किती दिवस बुडालं" एवढं विचारून भागत नाही. पाणी कसं होतं, तेही बघावं लागतं. वाहतं, गार पाणी असेल तर पीक जास्त दिवस तगतं, कारण त्यात प्राणवायू थोडा जास्त असतो आणि गारव्यात झाडाचा खर्चही कमी होतो. साचलेलं, उन्हानं तापलेलं पाणी असेल तर शिल्लक भराभर संपते. गढूळ पाण्यात तर पानांपर्यंत ऊनच पोचत नाही, म्हणजे नवी कमाईही बंद.

भाताच्या अंगातली नळी

मग भात पाण्यात कसं उभं राहतं? आपण तर चिखलणी करून, पाणी बांधून लावण करतो. त्याच पाण्यात तूर लावली तर टिकत नाही. फरक कुठं आहे?

आपल्या नदीत केंदाळ येतं, जलपर्णी म्हणतात ती. तिचा फुगीर देठ कापून बघा. आत स्पंजासारख्या पोकळ्या आणि पोकळ्यांत हवा. कमळाचा देठ कापला तर त्यात लांबच लांब भोकं दिसतात. भाताच्या खोडात आणि मुळांत अशाच हवेच्या वाटा असतात, फक्त आपल्या डोळ्यांना दिसायला फार बारीक. पानाचा शेंडा पाण्याबाहेर असला की तिथली हवा या वाटांनी थेट मुळाच्या टोकापर्यंत उतरते.

शिवाय भात आपल्या मुळाला बाहेरून एक लिंपण घालतं. भोक पडलेल्या पाइपातून पाणी गळतं, तसा मुळातून प्राणवायू गळून जाऊ नये म्हणून. फक्त टोकाजवळ लिंपण नसतं. तिथून थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो आणि भोवतालच्या मातीतलं लोह गंजतं. निरोगी भाताचं रोप उपटलं की मुळं तांबूस दिसतात, ती या गंजानं. तो तांबूसपणा म्हणजे मूळ श्वास घेत असल्याची खूण. मुळं काळी पडली असतील आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर श्वास थांबला आहे असं समजावं. आजी रोपं उपटून हेच बघत होत्या.

पण सगळी पानं पाण्याखाली गेली तर? नळीचं वरचं तोंडच बुडालं. तिथंही भाताकडं एक युक्ती आहे, आणि ती तुम्ही परसात बघू शकता. अळूचं पान बादलीभर पाण्यात बुडवा. पाण्याखाली ते चांदीसारखं चमकेल. बाहेर काढलंत तर कोरडंच्या कोरडं. पानावर हवेचा पातळ पडदा अडकलेला असतो, ती चमक त्याची. भाताच्या पानावरही असा पडदा अडकतो आणि बुडालेलं पान त्याच्या मदतीनं पाण्यातून थोडा थोडा वायू घेत राहतं. काही दिवसांनी हा पडदा विरतो, आणि मग उरते फक्त साठवलेली शिल्लक.

बाकीची पिकं काय करतात?

मका भाताइतका तयारीचा नाही, पण वेळ आली की धडपड करतो. आपण आंब्याची आढी घालतो तेव्हा पिंजरात आंबे का दाबतो? आंब्यातून एक वायू निघतो, इथिलीन. तो कोंडून राहिला की आंबे लवकर पिकतात. हाच वायू प्रत्येक झाडात थोडा थोडा तयार होत असतो आणि एरवी हवेत निघून जातो. झाड बुडालं की तो अंगातच कोंडतो. झाडाला त्यावरून कळतं की आपण पाण्याखाली आहोत. मक्याच्या मुळात हा वायू साठला की तिथल्या काही पेशी आपणहून मरतात आणि त्यांच्या जागी हवेची वाट मोकळी होते. चार पेशी जातात, म्हणून मूळ वाचतं. त्याच वेळी खालच्या पेरांवर नवी मुळं फुटतात, पाण्याच्या वरच्या थरात, जिथं प्राणवायू थोडा जास्त असतो. पण या सगळ्याला वेळ लागतो. मका लहान असताना त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या आत असतो, म्हणून गुडघ्याएवढा होईपर्यंत साचलेलं पाणी त्याला अजिबात सोसत नाही. ताईंचा मका याच वयात पाण्यात सापडला होता.

सोयाबीनही पाण्याच्या रेषेजवळ खोडावर नवी मुळं आणि पांढरट, भुसभुशीत पापुद्रा धरतं. त्या पापुद्र्यातून हवा खाली जाते. पण सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी असतात, नत्र धरणाऱ्या, त्यांना प्राणवायू जास्तच लागतो. त्या आधी बंद पडतात, म्हणून शेत पिवळं होतं. पाणी लवकर निघालं आणि नव्या मुळांनी जोर धरला, तर पीक सावरतं. तूर, मिरची आणि टोमॅटो यांना तेवढाही अवकाश मिळत नाही.

उसाचं वेगळंच. बुडात पाणी साचलं तरी पेरांवरची मुळं त्याला बरेच दिवस धरून ठेवतात. धोका असतो शेंड्याला. पाणी शेंड्यावरून गेलं आणि पोंग्यात गाळ शिरला की वाढीचा कोंब कुजतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटू लागतात. म्हणून उसात आधी पोंगा बघायचा. मधलं सुरळीचं पान हलक्या हातानं ओढून बघा. सहज उपसून आलं आणि बूड कुजकट असलं, तर तो ऊस पुढं वाढणार नाही.

दोन भातं, दोन स्वभाव

आता या विषयातली आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. सगळी भातं पुरात सारखी वागत नाहीत.

बंगाल, बांगलादेश आणि आसामकडं नद्यांच्या सखल भागात महिनोन् महिने पाणी उभं असतं. तिथलं जुनं खोल पाण्यातलं भात पाण्याबरोबर उंच होत जातं. दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे एका दिवसात जवळजवळ वीतभर! काही झाडं कित्येक मीटर लांब होतात. कोंडलेला इथिलीन वायूच त्याला "उंच हो" म्हणून सांगतो. २००९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागची जनुकं, म्हणजे बियाण्यातले वंशगुण, शोधून काढली. त्यांना नाव दिलं स्नॉर्केल. पाण्याखाली पोहणारे तोंडात नळी धरतात, तिला स्नॉर्केल म्हणतात.

पण पूर आठ-दहा दिवसांचा असेल, तर हा उंच होण्याचा स्वभावच घात करतो. असलेली सगळी शिल्लक उंच होण्यात खर्च होते आणि पाणी ओसरलं की लांबलेलं झाड आडवं पडून मरतं.

दुसरा स्वभाव सापडला ओडिशात. तिथल्या एका जुन्या गावठी भातातून निवडलेलं एफआर १३ ए नावाचं वाण होतं. धान्य कमी, चव साधारण, पण दोन आठवडे बुडालं तरी जगणारं. तेच काय करतं? काहीच करत नाही! पाण्याखाली गेलं की वाढ थांबवतं, साखर खर्चायची बंद करतं आणि निपचित पडून राहतं. पाणी ओसरलं की राखलेल्या शिल्लकेवर नवा कोंब काढतं. दम धरणारं भात म्हणतो ते हेच.

डेव्हिड मॅकिल आणि केनाँग झू यांनी १९९६ साली हा गुण भाताच्या कोणत्या गुणसूत्रावर आहे ते दाखवलं. २००६ साली नेमकं जनुक सापडलं. त्या कामात पामेला रोनाल्ड आणि जुलिया बेली-सेरेस या दोन शास्त्रज्ञ बायका होत्या. मग हा गुण स्वर्णा या लोकप्रिय भातात आणला. त्यासाठी गावठी वाण आणि स्वर्णा यांचा संकर केला, निघालेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर केला आणि दर वेळी तो गुण असलेलीच रोपं पुढं ठेवली. हे जीएम बियाणं नाही. २००९ साली भारतात ते स्वर्णा-सब१ या नावानं आलं. ते दोन आठवड्यांपर्यंत बुडून जगू शकतं, आणि त्याचं घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं.

ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर याचा अभ्यास झाला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. शेत दहा दिवस बुडालं तर नेहमीच्या वाणापेक्षा स्वर्णा-सब१ चं उत्पन्न सुमारे ४५ टक्के जास्त आलं. पूर आला नाही तरी उत्पन्न घटलं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पाणी साठणाऱ्या सखल जमिनी जास्त करून खालच्या मानलेल्या जातींच्या कुटुंबांकडं होत्या. म्हणून या बियाण्याचा फायदा त्यांना सगळ्यात जास्त. मैत्रिणींनो, खोलगटातला तुकडा कुणाच्या वाट्याला येतो, हे आपल्या गावातही सांगावं लागत नाही.

म्हणून हे बियाणं आजच मागवा, असं आम्ही सांगत नाही. ते जास्त दिवसांचं वाण आहे, पूर्वेकडच्या सखल शेतांसाठी केलेलं. महिनाभर अर्धवट पाणी उभं राहिलं, तर त्याचा हा गुण कामी येत नाही. पेरणीनंतर लगेच पाणी साचून बी कुजत असेल, तर तिथंही उपयोग नाही. आपल्या भागात चालेल का, ते कृषी सहायकांना विचारा आणि आधी एका वाफ्यात लावून बघा.

पाणी ओसरल्यावर तिसरा दिवस

आता आमची चूक कुठं झाली, ते सांगतो.

पाणी ओसरल्यावर पीक लगेच सुधारत नाही, उलट आणखी वाईट दिसतं. पाण्याखाली राहून पान कोवळं, नाजूक झालेलं असतं. त्यावर अचानक ऊन आणि वारा येतो. मुळांना अजून पाणी ओढायची ताकद नसते. इतके दिवस नसलेला प्राणवायू एकदम आत येतो, त्याचाही पेशींना त्रास होतो. उपासानंतर एकदम पोटभर जेवलं की पोट दुखतं, तसंच. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानं करपतात, लोळतात. आम्ही निकाल दिला तो नेमका त्याच दिवशी. आम्ही पानं बघितली. आजींनी बुडखा बघितला.

तर पुरानंतर काय करायचं?

पहिलं काम, पाण्याला वाट करून देणं. बांध फोडा, चर काढा. सोयाबीन, तूर, भाजीपाला यांच्यापासून सुरुवात करा, भात शेवटी. ज्याला दम कमी, त्याचं पाणी आधी.

दुसरं, पंचनामा होईपर्यंत नांगर घालू नका. फोटो काढून ठेवा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा. नाव सातबारावर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असलं, तरी शेतात उभ्या राहणाऱ्या आपण आहोत. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा.

तिसरं, रोज वेगवेगळ्या कोपऱ्यांतली दहा रोपं उपटून बघा. बुडखा दाबा. घट्ट आणि आतून पांढरा असेल तर जीव आहे. मऊ, तपकिरी, वास मारणारा असेल तर गेलं. मुळांत एखादं तरी नवं पांढरं मूळ दिसतं का ते शोधा. भाताला सात ते दहा दिवस द्या. मधून नवं पान निघालं की समजायचं, शेत जगलं.

चौथं, पाणी ओसरल्या ओसरल्या युरिया फेकू नका. आजारी मुळं तो घेऊ शकत नाहीत, पैसे वाया जातात. नवी मुळं आणि नवं पान दिसलं की कृषी सहायकांना विचारून थोडा थोडा द्या. माती चिकट असताना भांगलणीला उतरू नका. पायांनी माती दाबली जाते आणि उरलीसुरली हवाही निघून जाते. वाफसा आल्यावर हलकी भांगलण करा, मुळांना श्वास मिळतो.

पाचवं, भातात जागोजागी मोकळ्या जागा पडल्या असतील, तर जगलेल्या चुडातले फुटवे अलगद वेगळे करून तिथं लावा. नवं रोप विकत आणायला नको.

आणि पुढच्या हंगामासाठी, सोयाबीन सपाट न पेरता रुंद वरंब्यावर पेरा. पाणी सरीत उतरतं, मूळ वरंब्यात श्वास घेतं.

गटाचा नवा नियम

आमच्या गटानं एक नियम केला. पुरानंतर पीक मोडण्यासाठी कर्ज मागितलं, तर गटातल्या दोघी जणी शेतात जाऊन दहा रोपं उपटून बघतात. भाताला आठ दिवस थांबल्याशिवाय मोडणीचं कर्ज नाही. मात्र घरखर्चाला, औषधाला, जनावराच्या वैरणीला त्याच दिवशी पैसे द्यायचे. माणसाला थांबवायचं नाही, नांगराला थांबवायचं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा हा नियम पहिल्यांदा वापरला. त्या वेळी सगळं वाचलं असं नाही. खालच्या मळीत एका वहिनींचं भात बारा दिवस गढूळ पाण्याखाली होतं. आम्ही आठ दिवस थांबलो, मुळं काळीच निघाली, बुडखे हातात तुटून आले. ते मोडावं लागलं. दोन सोयाबीनची शेतंही गेली. पण वरच्या अंगाची भातं, जी आम्ही २०१९ मध्ये नक्की मोडली असती, ती उभी राहिली. त्यात त्या ताईंचं वीस गुंठेही होतं. या वेळी त्या स्वतःच रोज बांधावर जात होत्या, आणि कुणी विचारलं की म्हणायच्या, "अजून बघतेय."

गटाची शिल्लक आपण अडीअडचणीसाठी राखतो. भातही तेच करतं. त्याच्या बुडख्यात अजून शिल्लक आहे की नाही, एवढं बघूनच नांगराचा निर्णय घ्यावा.

या आठवड्यात अळूचं पान पाण्यात बुडवून बघा, पोराबाळांना दाखवा. आणि पुरात तुमच्या शेतातलं कोणतं पीक किती दिवस तगलं, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पुराला तीच वही सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

रामराम.